[डेन्मार्कमधील मराठी मंडळाची यादी] इलेक्ट्रिक बॉयलरच्या ठरावावर मत हवे आहे, बुधवारच्या सभेपूर्वी

प्रेषक: हेर्निंग परिसरातून

सप्रेम नमस्कार.

बुधवारी आमच्या गावच्या हीटिंग प्लांटची (घरोघरी नळांतून गरम पाण्याची उष्णता पुरवणाऱ्या केंद्राची) विशेष सर्वसाधारण सभा आहे आणि १० मेगावॅटचा इलेक्ट्रिक बॉयलर घेण्याचा ठराव त्या सभेत मतदानाला येणार आहे. प्लांट ग्राहकांच्याच मालकीचा असल्यामुळे आमच्या घरालाही मत आहे. पत्रकात कारण ठळक अक्षरांत एवढेच दिले आहे की, विजेचा दर उणे होतो, म्हणजे वीज घेणाऱ्यालाच पैसे मिळतात, तेव्हा ती घेऊन पाणी तापवता येईल आणि गॅस वाचेल. घरच्या वीजबिलात मला तरी उणे दर कधी दिसलेला नाही, त्यामुळे शेजाऱ्यांप्रमाणे माझाही या गणितावर विश्वास बसत नाही.

आरहूसच्या काकांनी गणेशोत्सवात सांगितले होते की, हीट पंप (बाहेरची हवा किंवा पाणी यांतली उष्णता खेचून घेणारे यंत्र) एक युनिट विजेत तीन युनिट उष्णता देतो. बॉयलर एका युनिटला जेमतेम एकच देतो. मग आम्ही बॉयलर का घ्यावा? कृपया मंगळवार रात्रीपर्यंत कळवावे, कारण आणखी दोन मराठी घरे माझ्या उत्तराची वाट पाहत आहेत.

---

प्रेषक: कोपनहेगन, कार्यकारिणी

ताई, नमस्कार.

घरच्या बिलात उणे दर दिसत नाही, कारण बाजारातील दरावर वहन शुल्क आणि मूल्यवर्धित करासारखे कर चढतात. हीटिंग प्लांटवर हा बोजा कमी असतो. उष्णतेसाठी वापरलेल्या विजेवरील कर २०२१ च्या आरंभापासून युरोपीय संघाच्या किमान पातळीपर्यंत खाली आणला गेला. पूर्वी या करामुळेच बॉयलर बहुतेक वेळ बंद ठेवावा लागत असे.

तरीही माझे मत विरुद्ध आहे. आमच्याकडे राजधानी परिसरात कोणते संयंत्र किती उष्णता देणार, याचे नियोजन ‘वार्मेलास्ट’मार्फत दररोज होते आणि सर्वांत स्वस्त स्रोत आधी घेतला जातो. त्या क्रमात साधा बॉयलर क्वचितच पुढे येतो. एका युनिटला एकच युनिट देणाऱ्या यंत्रावर गावाने कर्ज काढू नये, हीट पंपाचा प्रस्ताव येईपर्यंत थांबावे.

---

प्रेषक: आरहूस

ताई, गणेशोत्सवातील चर्चेचा उल्लेख झाला आहे, म्हणून सविस्तर लिहितो. राजधानीत कचऱ्यापासूनची उष्णता आणि मोठी बायोमास केंद्रे आहेत. तिथला क्रम पश्चिम युटलंडमधील गावाला लावणे योग्य नाही आणि विजेच्या बाजारातील दरविभागही वेगळा आहे.

विजेच्या वार्षिक सरासरी दराने या बॉयलरचा निर्णय करता येत नाही. प्रत्येक तासाला एकच प्रश्न विचारायचा असतो: या तासाला बॉयलर चालवला नाही, तर हीच उष्णता कशातून येईल आणि ती कितीला पडेल? समजा, ग्रिडचे सर्व शुल्क मिळून प्रति मेगावॅट-तास (म्हणजे हजार युनिटांना) १५० क्रोन आहे. एक टक्क्याच्या आसपासची घट आणि नाममात्र कर सध्या बाजूला ठेवू. लाकडाच्या चिप्सची उष्णता २५० क्रोनला पडत असेल, तर बाजारदर १०० च्या खाली गेल्यावरच बॉयलर परवडतो. गॅसची उष्णता ५०० ला पडत असेल, तर दर ३५० असतानाही परवडतो. म्हणजे उणे दर हा या हिशेबाचा एक कोपरा आहे, संपूर्ण हिशेब नव्हे. बॉयलर गॅसला हटवणार की चिप्सला, हे पत्रकात लिहिलेले नसेल तर ते आधी विचारा.

आता हीट पंपाबद्दल. तीन युनिटांची गोष्ट खरी आहे, पण मेगावॅटमागे त्याची किंमत बॉयलरच्या कितीतरी पट असते, त्यामुळे तो वर्षातील बहुतेक तास चालला तरच भांडवल फिटते. बॉयलर थोडे तास चालूनही फिटू शकतो. समजा, जोडणीसह ८० लाख क्रोन खर्च आला आणि प्रत्येक मेगावॅट-तासाला सरासरी १५० क्रोन वाचले. वर्षाला पूर्ण क्षमतेचे १,००० तास मिळाले तर १०,००० मेगावॅट-तास, म्हणजे १५ लाख क्रोन वाचतात आणि साडेपाच वर्षांच्या आत खर्च निघतो. ३०० तासच मिळाले तर साडेचार लाख वाचतात, आणि १५ वर्षांच्या कर्जात नुसत्या मुद्दलाचा हप्ताच सव्वापाच लाखांच्या वर जातो. ठरावाचे भवितव्य या तासांवर अवलंबून आहे.

आधी हीट पंप घेऊन मग बॉयलर घेतला, तर बॉयलरचे तास आणखी घटतात. पंप तिसऱ्या हिश्श्याच्या विजेवर चालत असल्यामुळे शुल्कासह विजेची किंमत शून्याखाली गेली तरच बॉयलर त्याच्यापेक्षा स्वस्त ठरतो. म्हणून या दोन यंत्रांचा क्रम सभेने एकत्र ठरवायला हवा, असे मला मनापासून वाटते.

---

प्रेषक: ओडेन्स

काकांच्या गणितात ग्रिडच्या संतुलनातून मिळणारे उत्पन्न आलेले नाही. गरम स्थितीत ठेवलेला इलेक्ट्रोड प्रकारचा विजेचा बॉयलर अर्ध्या-एक मिनिटात भार घेऊ शकतो. वारा अपेक्षेपेक्षा जास्त वाहिला की असा वापर अचानक वाढवण्याचे पैसे ‘एनर्जीनेट’ ही देशाची ग्रिड-संस्था राखीव बाजारातून देते. उत्तर जर्मनीत वाऱ्याची वीज तुंबली की तिथले ग्रिड-चालकही पश्चिम डेन्मार्कमध्ये वापर वाढवण्यासाठी अनेक वर्षे पैसे देत आले आणि त्याचा लाभ आपल्याकडच्या बॉयलरांनी घेतला.

मात्र हे उत्पन्न कायमचे समजून कर्जाचा आराखडा बांधू नये. आरहूसजवळच्या स्टुडस्ट्रुप वीजकेंद्राला ८० मेगावॅटचा बॉयलर २०१५ मध्ये बसला, तेव्हा असे मोठे बॉयलर मोजके होते. त्यानंतर अनेक गावांनी तेच केले, एस्ब्येर्ग शहरानेही कोळसा बंद करताना ७० मेगावॅटच्या समुद्री हीट पंपाच्या जोडीला बॉयलर घेतला. सगळे एकाच स्वस्त तासाची वाट पाहू लागले की तो तास तितका स्वस्त राहत नाही आणि राखीव क्षमतेचा दरही उतरतो. संचालक मंडळाने मागच्या वर्षांचे दर लावून उत्पन्न दाखवले असेल, तर ते निम्मे करून हिशेब पुन्हा मांडायला सांगावे.

---

प्रेषक: ऑलबोर्ग

ओडेन्सच्या मताला माझा अर्धा पाठिंबा आहे. मी इथे येण्यापूर्वी पश्चिम महाराष्ट्रातील एका सहकारी साखर कारखान्याच्या सहवीजनिर्मिती विभागात नोकरी केली आहे, म्हणून ताईंच्या प्लांटमधील, गॅसवर वीज आणि उष्णता एकत्र तयार करणाऱ्या इंजिनाबद्दल लिहिते, कारण त्याचा उल्लेख कोणीच केलेला नाही. कारखान्यात बगॅस जाळून वाफ आणि वीज एकत्र तयार होते आणि उरलेली वीज ठरलेल्या दराने विकली जाते. इथे तो दर दिवसातून अनेकदा बदलतो. आता तर १ ऑक्टोबर २०२५ पासून एक दिवस आधीच्या बाजारातही, म्हणजे उद्याच्या विजेचा दर आज ठरतो त्या बाजारातही, पंधरा-पंधरा मिनिटांचे दर लागतात. वीज महाग असताना इंजिन चालवून ती विकायची आणि उष्णता गरम पाण्याच्या टाकीत साठवायची, आणि वीज स्वस्त असताना इंजिन थांबवून बॉयलर चालवायचा, अशी ही जोडी आहे. इंजिन मोडीत काढून त्याजागी बॉयलर आणण्याचा विचार असेल तर मी विरोधात मत देईन. कडाक्याच्या थंडीत वारा पडलेला असतो, तेव्हा वीज सर्वांत महाग असते आणि गावाला उष्णताही सर्वांत जास्त लागते.

माझे वडील त्याच कारखान्याचे सभासद होते आणि वार्षिक अहवालातील इंधनाच्या खर्चाचे पान ते आम्हा मुलांकडून मोठ्याने वाचून घेत. आपल्या घरांनीही सभेला जाताना तेवढी तयारी केली पाहिजे. १९७९ च्या उष्णता पुरवठा कायद्यानुसार प्लांटला आवश्यक खर्चापुरतेच पैसे घेता येतात. त्यामुळे बचत झाली तर ती ग्राहकांच्या दरात परत येते, आणि तोटा झाला तर तोही ग्राहकांच्याच दरात येतो.

---

प्रेषक: हेर्निंग परिसरातून

सर्वांची मनापासून आभारी आहे. पत्रकाच्या परिशिष्टातून पुढील माहिती मिळाली. टाकी ३,००० घनमीटरची आहे. इंजिन आणि गॅस बॉयलर दोन्ही राहणार आहेत. चिप्सचा बॉयलर हिवाळ्यात मुख्य भार उचलतो. उन्हाळ्यात गावाची गरज सुमारे २ मेगावॅट असते. गावाबाहेर सौर उष्णतेच्या पॅनेलांचे शेत आहे, हे मी आधी लिहायला हवे होते असे ऑलबोर्गच्या वहिनींनी फोनवर सांगितले. ग्रिडची जोडणी ‘मर्यादित’ प्रकारची आहे, म्हणजे ग्रिडवर ताण आला तर आमचा पुरवठा तोडता येतो. हे धोक्याचे नाही का?

---

प्रेषक: आरहूस

ताई, मर्यादित जोडणीची काळजी करू नये. ती स्वस्त पडते, आणि गॅस बॉयलर मागे उभा असल्यामुळे वीज तोडली तरी घरे थंड पडणार नाहीत. पूर्ण जोडणीसाठी जास्त पैसे मोजणे या यंत्राच्या बाबतीत मला अनाठायी वाटते.

सौर पॅनेलांचा मुद्दा मात्र निर्णायक आहे. उणे दर वसंत आणि उन्हाळ्यातील उन्हाच्या दुपारी जास्त येतात, कारण तेव्हा विजेची सौर पॅनेलेही भरभरून चालतात, आणि त्याच दुपारी तुमचे शेत फुकटची उष्णता देत असते. उन्हाळ्यात गावाला दिवसाला ४८ मेगावॅट-तास उष्णता लागते. शेत नसते तरी बॉयलरला दिवसाला सरासरी पाच तासही काम मिळाले नसते, आणि शेत असताना त्यातलेही बरेच तास जातात.

टाकीत पाण्याच्या तापमानातील फरक ४० अंश धरला, तर ३,००० घनमीटरमध्ये सुमारे १४० मेगावॅट-तास मावतात. म्हणजे बॉयलर चौदा तासांत ती रिकामीची भरतो. उन्हाळ्यात ती जवळजवळ तीन दिवस पुरेल, पण तेव्हा ती उन्हानेच भरलेली असेल. हिवाळ्यातील गरज १२ मेगावॅट धरली, तर ती बारा तासही पुरणार नाही. वोयेन्स गावासारखा गरम पाणी साठवणारा दोन लाख घनमीटरचा खड्डा असता तर उन्हाळ्याची उष्णता थंडीपर्यंत नेता आली असती. तुमच्या प्लांटला खरे तास शरद आणि हिवाळ्यातील वादळी रात्रींतच मिळतील, आणि त्या रात्री बॉयलर चिप्सशी स्पर्धा करील, गॅसशी नव्हे.

म्हणून ठराव फेटाळण्याऐवजी दुरुस्ती सुचवा, असा माझा सल्ला आहे: सौर शेत धरून तासांचा अंदाज महिन्यागणिक द्यावा, राखीव बाजाराचे उत्पन्न निम्मे धरावे आणि ५ मेगावॅटच्या बॉयलरचा हिशेबही शेजारी मांडावा. नगरपालिकेला प्रकल्प मंजूर करताना समाजाच्या दृष्टीने फायद्या-तोट्याचे विश्लेषण पाहावेच लागते आणि कर्जाला हमीही बहुधा तीच देईल, त्यामुळे हे आकडे कधी तरी काढावेच लागणार आहेत.

---

प्रेषक: ऑलबोर्ग

काका, सभेत ऐनवेळी दुरुस्ती घेतात की नाही, हे प्रत्येक प्लांटच्या उपविधींवर अवलंबून असते आणि बऱ्याच ठिकाणी लेखी सूचना काही दिवस आधी द्यावी लागते. ताईंनी उद्या सकाळीच अध्यक्षांना फोन करावा. मुदत गेली असेल तर ठराव पुढच्या सभेपर्यंत तहकूब करण्याची मागणी करावी, आणि इतर दोन घरांतील कोणी येणार नसेल तर मुखत्यारपत्र चालते का, हेही त्याच फोनवर विचारून घ्यावे. डेनिश मसुदा मी आज रात्री लिहून पाठवते.