तांबडी सुर्लाच्या खांबावरचा हत्ती: जुन्या फौजांत नेमके कुठले हत्ती असायचे?

पेडणेकरीण

नमस्कार मंडळी. परवा भाच्याला घेऊन गोव्यातल्या तांबडी सुर्लाला गेले होते. महादेवाच्या देवळाच्या मंडपात एका खांबाच्या तळाशी घोड्याला तुडवणारा हत्ती कोरलाय. भाचा तिथंच बसून राहिला. २०२५ च्या सप्टेंबरात ओंकार नावाचा रानहत्ती सिंधुदुर्गातून पेडण्यातल्या तांबोश्याच्या भातशेतीत उतरला, तेव्हापासून त्याच्या डोक्यात हत्तीच आहेत. त्याचा प्रश्न असा: आफ्रिकेतले हत्ती सगळ्यांत मोठे, मग जुन्या राजांनी लढाईला तेच का नाही आणले? मला सांगता आलं नाही. कुणी सांगेल का?

वाळपईचा मास्तर

बाय, भाच्याला माझ्याकडून शाबासकी सांग. मी वर्गात इतिहास शिकवला, पण हा प्रश्न मुलांकडून फार क्वचित आला.

राजाच्या हाती लागायचा तो हत्ती आवाक्यातल्या रानातला. हत्तिणीचं गाभणपणच जवळजवळ बावीस महिन्यांचं, आणि पिल्लू लढाईजोगं व्हायला पुढं वीस-पंचवीस वर्षं. एवढी वर्षं खायला घालून कोण सांभाळणार? म्हणून रानातला वाढलेला नर धरायचा आणि त्याला शिकवायचा. हे धरण्या-शिकवण्याचं शास्त्र आपल्याकडे मुरलेलं होतं. इ.स.पू. ३२६ मध्ये अलेक्झांडरपुढे पोरस उभा राहिला तो याच हत्तींच्या बळावर. पुढं चंद्रगुप्त मौर्यानं अलेक्झांडरचा सेनापती सेल्युकसला ५०० हत्ती दिले, आणि इ.स.पू. ३०१ च्या इप्ससच्या लढाईत सेल्युकसाच्या बाजूचं पारडं त्यांनीच जड केलं. हे सगळे आशियाई.

आता इजिप्तवर राज्य करणाऱ्या टॉलेमी घराण्याची अडचण बघ. भारताची वाट सेल्युकसाच्या वंशजांच्या मुलखातून, म्हणजे शत्रूच्या दारातून. मग त्यांनी तांबड्या समुद्राच्या आफ्रिकी किनाऱ्यावर हत्ती धरायचे तळ वसवले आणि जनावरं जहाजांत भरून उत्तरेला आणली. इ.स.पू. २१७ मध्ये रफियाला, आजच्या गाझापट्टीतल्या रफाजवळ, दोन्ही जाती समोरासमोर आल्या. टॉलेमी चौथ्याचे ७३ आफ्रिकी, सेल्युकसाच्या वंशातल्या अँटिओकस तिसऱ्याचे १०२ भारतीय. ग्रीक इतिहासकार पॉलिबियस लिहितो की आफ्रिकी हत्तींना भारतीय हत्तींचा वास, चित्कार आणि मोठा आकार सोसवला नाही, बहुतेक मागं फिरले. तरी लढाई टॉलेमीनंच जिंकली, पायदळावर. मला हे फार मोलाचं वाटतं, कारण हत्तींची हार म्हणजे राजाची हार असं आपण सहज धरून चालतो.

म्हादईकाठचा

मास्तर, एक भर घालतो. रफियाला आफ्रिकी हत्ती भारतीयांपुढे लहान का पडले, याचं उत्तर बरीच वर्षं 'ते दाट जंगलात राहणाऱ्या जातीचे, म्हणजे बुटके' असं दिलं जायचं. पण २०१४ मध्ये टॉलेमी जिथं हत्ती धरायचे त्या बाजूच्या एरिट्रियातल्या हत्तींचा डीएनए तपासला, तो सवाना म्हणजे गवताळ रानातल्या जातीचा निघाला, म्हणजे मोठ्या जातीचा. त्यामुळे ते उत्तर आता डळमळलंय. कार्थेजचे, म्हणजे आजच्या ट्युनिशियातल्या जुन्या सत्तेचे, हत्ती मात्र वेगळे. ते अ‍ॅटलास डोंगरांच्या बाजूचे, उत्तर आफ्रिकेतले, आणि आज तिथं एकही उरलेला नाही. इ.स.पू. २१८ मध्ये कार्थेजचा सेनापती हॅनिबल आल्प्सकडे ३७ हत्ती घेऊन निघाला, त्यांतले बहुतेक याच रानातले.

दुसरं, बिथरलेला हत्ती आपल्याच माणसांवर फिरतो. म्हणून हॅनिबलच्या भावाच्या माहुतांकडे छिन्नी आणि हातोडा असायचा. रोमन इतिहासकार लिव्ही सांगतो की हत्ती आवरेना झाला की दोन कानांच्या मध्ये, मान डोक्याला जुळते त्या सांध्यावर छिन्नी ठेवून घाव घालायचे. इटलीतल्या मेटॉरस नदीकाठच्या लढाईत शत्रूपेक्षा माहुतांनीच जास्त हत्ती मारले.

पेडणेकरीण

वाचून अंगावर काटा आला. आपल्या भागातल्या हत्तींबद्दल जुन्या ग्रंथांत काही आहे का?

वाळपईचा मास्तर

आहे की. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात प्रदेशवार प्रतवारी दिलीय. कलिंग (ओडिशाकडचा भाग) आणि अंग (पूर्व बिहार) इथले उत्तम, दशार्ण (विदिशेकडचा भाग) आणि अपरांताचे मध्यम, सौराष्ट्राचे खालचे. अपरांत म्हणजे आपली कोकणपट्टी. मापंसुद्धा आहेत: चाळीस वर्षांचा, सात अरत्नी उंच, नऊ लांब, दहा घेराचा तो उत्तम. अरत्नी साधारण दीड फूट धर, म्हणजे उंची साडेदहा फुटांच्या आसपास. तीस वर्षांचा मध्यम, पंचविसाचा त्याखाली. पिल्लं, आजारी हत्ती, गाभण आणि पाजणाऱ्या हत्तिणी धरू नयेत, आणि हत्तीला मारणाऱ्याला देहदंड, असंही त्यात स्पष्ट आहे. आज हत्ती शेतात आला की फटाके घेऊन धावणाऱ्यांना हे वाचून दाखवावं असं मला मनापासून वाटतं. अर्थात ज्याचं भात गेलं त्याला भरपाईही वेळेवर मिळायला हवी.

भाच्याला जात ओळखायला शिकव. आफ्रिकीचे कान खांदा झाकतील एवढे, पाठ मध्ये खोल, सोंडेच्या टोकाला दोन बोटं. आपल्याचे कान लहान, पाठ कमानीसारखी वर, कपाळावर दोन उंचवटे आणि सोंडेला एकच बोट. स्पेनमधल्या कार्थेजी नाण्यांवरचा हत्ती या खुणांनी सरळ आफ्रिकी ठरतो. खांबावरच्या हत्तीचा जवळून काढलेला फोटो असेल तर इथं टाक, कान आणि पाठ नीट दिसेल असा.