बहिणीला एमएस, म्हणून भावाची जीन टेस्ट?

ताई, बहिणीला एमएस (मल्टिपल स्क्लेरोसिस, यात शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांच्या आवरणावर हल्ला करते) आहे म्हणून लग्नाआधी धाकट्या भावाची जीन टेस्ट करावी का, असं विचारलंत. नको, पैसे वाया जातील.

एमएसचा असा एकच जीन नाही. २०१९च्या मोठ्या अभ्यासात माणसाच्या डीएनएमध्ये एमएसशी जोडलेल्या २३३ जागा निघाल्या, बहुतेक प्रतिकारशक्तीशी निगडित. सर्वांत वजनदार एचएलए-डीआरबी१*१५:०१ (प्रतिकारशक्तीच्या एका जीनची ठरावीक आवृत्ती). ती असली की धोका साधारण तिप्पट. तरी ती असलेल्या बहुतेकांना एमएस होत नाही आणि नसलेल्यांनाही होतो. सख्ख्या भावंडांत धोका २-३ टक्के, एकसारख्या जुळ्यांत पाव हिश्शाच्या आसपास (आकडे मुख्यतः युरोपीय वंशाचे).

आजार किती वेगाने वाढेल, त्याचे जीन वेगळेच. २०२३मध्ये डीवायएसएफ आणि झेडएनएफ६३८ या दोन जीनच्या भागातला एक बदल सापडला: आई-वडील दोघांकडून आला तर काठी लागण्याची वेळ सरासरी ३.७ वर्षं अलीकडे येते. उपचार ठरवायला त्याचा आज उपयोग नाही.

त्यापेक्षा बहिणीची एक्यूपी४ आणि मॉग अँटिबॉडी (एमएससारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या आजारांत रक्तात सापडणाऱ्या) तपासली का, हे न्यूरोलॉजिस्टना विचारा. त्यातला एनएमओ (न्यूरोमायलायटिस ऑप्टिका) निघाला तर एमएसची काही औषधं उलटी पडतात. भाऊ बिडी-सिगारेट ओढत असेल तर ती सोडवा, तिने एमएसचा धोका वाढतो. आणि मे महिन्यात जळगावच्या उन्हात बहिणीचे पाय जड झाले, नजर धूसर झाली, तर लगेच एमएसचा नवा अटॅक समजू नका; अंग थंड झाल्यावर उतरतंय का, ते आधी बघा.