हापूसच्या थेट विक्रीसाठी कुठल्या प्रकारचं खातं उघडावं?

बागवाला_देवगड:
देवगडला आमची हापूसची बाग आहे. बाबा आजवर बहुतेक माल वाशीला दलालाकडे पाठवत आले. पट्टी, म्हणजे दलालाचा विक्रीचा हिशेब, हातात येईपर्यंत भाव काय लागला ते कळत नाही. गेल्या काही हंगामांत ओळखीतल्या पुण्या-मुंबईच्या घरांना थेट पेट्या दिल्या, त्याही बाबांच्याच व्हॉट्सअ‍ॅपवरून. यंदा मोहोर चांगला धरलाय, म्हणून थेट विक्री वाढवायची आहे. इन्स्टाग्रामवर पर्सनल, क्रिएटर, बिझनेस यातलं काय घ्यावं? भाऊ म्हणतो क्रिएटर घे, रीलला हवी ती गाणी मिळतात. फेसबुकवर बाबांचं प्रोफाइल आहे, त्यावरूनच विकावं की पेज काढावं? तोड सुरू झाली की मान वर करायला फुरसत नसते, तेव्हा आत्ताच नीट ठरवायचंय.

काजूवाला:
फेसबुकला पेजच काढा. प्रोफाइलवर ५००० मित्रांच्या पुढे जाता येत नाही आणि मुख्यतः धंद्यासाठी प्रोफाइल वापरणं त्यांच्या नियमात बसत नाही. उद्या बंद केलं तर बाबांचे घरचे फोटोही गेले.

कोकमवाली:
दादा, मी कुडाळहून आगळ, आमसुलं आणि कुळथाचं पीठ विकते. आधी एक बघा, गिऱ्हाईक ऑर्डर पक्की कुठे करतं? माझ्याकडे लोक इन्स्टाग्रामवर बघतात, भाव व्हॉट्सअ‍ॅपवर विचारतात आणि पैसेही तिथेच क्यूआरवर पाठवतात. आंब्याचंही तसंच होणार. म्हणून पहिलं खातं व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसचं, आणि तेही बागेच्या नावाने घेतलेल्या वेगळ्या सिमवर. अ‍ॅप फुकट आहे. बाबांच्या फोनमध्ये साधं आणि बिझनेस, दोन्ही वेगवेगळ्या नंबरांवर शेजारी शेजारी चालतात. शिवाय चार उपकरणं जोडता येतात, म्हणजे बाबा बागेत असले तरी घरातून कुणीही उत्तर देऊ शकतं.

कॅटलॉगमध्ये फळाच्या वजनाप्रमाणे पेट्या वेगवेगळ्या टाका, भाव बदलला की तिथेच बदला. चॅटना लेबलं लावा: ‘पैसे आले’, ‘पेटी निघाली’, ‘पोचली’. झटपट उत्तरात हे एकदा लिहून ठेवा: ‘पेटी आल्या आल्या उघडा, फळं गवतातच एका थरात पसरा, पिकेपर्यंत फ्रिजमध्ये ठेवू नका, रोज हात लावून बघा, तयार होतील तशी काढा.’ हे प्रत्येकाला सांगावंच लागतं. आणि फळात साका, म्हणजे आतला गर पांढरट आणि स्पंजासारखा, निघाला तर लोक कापलेल्या फोडीचा फोटो पाठवतात. त्याला त्याच दिवशी उत्तर गेलं पाहिजे, नाहीतर ते गिऱ्हाईक पुढच्या वर्षी येत नाही.

इन्स्टाग्रामला बिझनेसच घ्या. फोन आणि पत्त्याचं बटण दिसतं, आणि कुठल्या गावातून किती जण बघतात तेही कळतं. भावाचं म्हणणं खरं आहे, बिझनेस खात्याला सिनेमातली बरीच गाणी मिळत नाहीत. पण क्रिएटर खातं घेतलं म्हणून विक्रीच्या जाहिरातीला ती वापरायची परवानगी मिळते असं नाही. तुमच्या रीलला गाणं हवंय कशाला? झेल्याने, म्हणजे जाळी लावलेल्या काठीने, आंबा देठासकट उतरवतानाचा आवाज आणि बाबांचं बोलणं ठेवा. खातं पुढे बदलताही येतं. फक्त परत पर्सनल केलं तर जमलेली आकडेवारी जाते.

पेजबद्दल कळकळीने सांगते: ते घरातल्या माणसाच्या लॉगिनवरूनच काढा, आणि दोघांना पूर्ण अधिकार द्या. माझ्या ओळखीतल्या एका बचत गटाचं पेज बाहेरच्या मुलाने स्वतःच्या खात्यावरून काढून दिलं होतं. तो दुसरीकडे गेला, फोन उचलेना. बायकांनी जमवलेलं सगळं गिऱ्हाईक त्या पेजवरच अडकलं.

बागवाला_देवगड:
ताई, फार उपयोग झाला. पण जुन्या गिऱ्हाइकांकडे बाबांचाच नंबर आहे. तोच बिझनेसवर नेला तर?

कोकमवाली:
नेता येतो, पण मग नातेवाइकांचे ग्रुप आणि भावकीचे मेसेजही तिकडे जातात. मी नेणार नाही. पहिल्या तोडीच्या महिनाभर आधी बाबांच्या नंबरवरून प्रत्येकाला नवा नंबर पाठवा आणि सेव्ह करायला सांगा. ब्रॉडकास्टच्या एका यादीत २५६ जण बसतात, पण ज्यांनी नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज पोचतो. आणि पावसाळ्यात सिमचा रिचार्ज चुकवू नका. बंद पडलेला नंबर कंपनी पुढे दुसऱ्याला देते.

कोथरूडची_गृहिणी:
मी दरवर्षी आंबा ऑनलाइन मागवते. देवगडच्या नावाखाली कर्नाटकचा आंबा गळ्यात पडतो, ही आमची खरी भीती. २०१८ साली हापूसला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, पण ते चिन्ह लावायला बागायतदाराची स्वतःची नोंदणी लागते ना? ती झाली असेल तर नोंदणी क्रमांक प्रोफाइलवर लिहा. वाडीचं नाव आणि बागेचं नकाशावरचं ठिकाणही द्या. मी तरी ते बघूनच पैसे पाठवते.

बागवाला_देवगड:
नोंदणी बाबांच्या नावावर आहे. क्रमांक तिन्हीकडे टाकतो. सिम आणायला उद्या जामसंड्याला जातोय.