कुत्र्या-मांजरांचा विमा: कोणी काढलाय का?

ए-२०३: नमस्कार मंडळी. आमच्याकडे लॅब्रॅडोरचं पिल्लू आलंय, अडीच महिन्यांचं. लसीचं कार्ड करताना डॉक्टरांनी विम्याचं विचारलं. इथे कोणी काढलाय का? दोन-तीन कंपन्यांची माहितीपत्रकं वाचली, पण नक्की काय मिळतं तेच कळेना.

सी-१०१: अभिनंदन! पिल्लाचा फोटो टाका आधी 😊

बी-४०४: माझं स्पष्ट मत, नका काढू. लसी, जंताचं औषध, नसबंदी, दात साफ करणं, यातलं काहीच साध्या पॉलिसीत बसत नाही आणि कुत्र्याचा नेहमीचा खर्च तर हाच असतो. हप्त्याएवढी रक्कम दर महिन्याला वेगळ्या खात्यात टाका. आजारी पडला तर पैसे आहेत, नाही पडला तर आपलेच.

सी-५०२: काका, नेहमीचा खर्च आपल्याला आधीपासून माहीत असतो, म्हणूनच तो विम्यात नसतो. त्यासाठी काही कंपन्या वेगळी जोड देतात, पण तिचा हप्ता आणि मिळणारी रक्कम समोरासमोर मांडली तर फारसं काही हाती लागत नाही. विमा लागतो तो अचानक आलेल्या मोठ्या बिलाला. लॅब्रॅडोरचं पिल्लू मोजा गिळतं, तो आतड्यात अडकतो, पोट उघडावं लागतं. हे पाचव्या महिन्यात झालं तर वेगळ्या खात्यात असून असून किती जमलेलं असणार? खातं भरायला वर्षं लागतात, आतडं थांबत नाही.

बी-४०४: हे मान्य. पण कंपन्या पैसे देताना हजार कारणं काढतात त्याचं काय?

सी-५०२: त्यातलं सगळ्यात मोठं कारण एकच, आधीपासूनचा आजार. आणि म्हणूनच ए-२०३ दादांना सांगते, काढायचा तर आत्ताच काढा. जवळजवळ प्रत्येक पॉलिसीत आधीपासूनचा आजार वगळलेला असतो, आणि त्यासाठी निदान झालेलं असायलाच हवं असं नाही. डॉक्टरांच्या फाइलमध्ये ‘मागचा पाय किंचित लंगडतो’ एवढी ओळ असली तरी पुढे खुब्याच्या दुखण्याचा क्लेम अडतो. क्लेम आला की कंपनी जुनी फाइल मागवते आणि ओळ न् ओळ वाचते. तुमच्या पिल्लाची फाइल आज कोरी आहे. ही स्थिती पुन्हा येत नाही.

सी-१०१: अगदी खरं. आमच्या शेफर्डच्या वेळी डाव्या गुडघ्याचा लिगामेंट विम्याच्या आधी गेला होता. नंतर उजवा गेला, तर तोही आधीपासूनचाच धरला.

सी-५०२: हो ताई, त्याला दुहेरी अट म्हणतात. एका बाजूला झालं की जोडीचा अवयवही वगळायचा. एक गुडघा गेलेल्या कुत्र्यांत दुसराही जाण्याचं प्रमाण बरंच असतं, म्हणून ही अट फार लागते. लॅब्रॅडोरला गुडघे आणि खुबे दोन्हीची भीती. दादा, ही ओळ शोधूनच सही करा.

ए-२०३: आणि वेटिंग पिरियड म्हणतात तो?

सी-५०२: पॉलिसी सुरू झाल्यावर काही काळ क्लेम करता येत नाही. अपघाताला थोडेच दिवस, आजाराला बहुतेक ठिकाणी १४ दिवस किंवा जास्त, गुडघा-खुब्याला काही कंपन्यांत ६ महिने. त्या काळात दिसलेलं लक्षणही पुढे वगळलं जातं. लसी मात्र वेळेवर द्या. पार्व्हो म्हणजे पिल्लांना होणारा जीवघेणा विषाणूचा आजार. त्याची लस चुकली आणि पार्व्हो झाला तर क्लेम नाकारतात.

ए-६०१: आमचा बोका ९ वर्षांचा, कधी घराबाहेर पाऊल नाही टाकलं. मांजरांना कशाला हवा विमा?

सी-५०२: काकू, मांजरांचा हप्ता कुत्र्यांपेक्षा सहसा कमी असतो, पण घरात राहणाऱ्या बोक्यालाही लघवी तुंबण्याचा त्रास होतो. तो पुन्हापुन्हा वाळूच्या ट्रेमध्ये जाऊन बसतो, कण्हतो, थेंब-दोन थेंब पडतात किंवा काहीच नाही. बऱ्याचदा घरच्यांना वाटतं बद्धकोष्ठ आहे. दिवस-दोन दिवसांत जीवावर बेततं, तेव्हा असं दिसलं तर रात्री-अपरात्रीसुद्धा दवाखाना गाठा, विमा असो नसो. मग नळी घालणं, सलाईन, काही दिवस भरती. शिवाय उतारवयात किडनी, थायरॉइड, मधुमेह. ९ व्या वर्षी नवी पॉलिसी काही कंपन्या देतच नाहीत, देतात त्यांचा हप्ता चढा असतो. तुमच्या बाबतीत मला बी-४०४ काकांचा वेगळ्या खात्याचा मार्गच बरा वाटतो.

ए-६०१: बरं झालं सांगितलंस गं. लघवीचं माहीतच नव्हतं.

बी-४०४: हप्ता ठरतो कशावर? पग घेतलेल्या एकाला भलताच आकडा सांगितला होता.

सी-५०२: जात, वय, राहण्याचा भाग आणि किती भरपाई हवी यावर. पग, फ्रेंच बुलडॉग यांची नाकपुडी अरुंद, श्वासाचं ऑपरेशन होण्याची शक्यता जास्त. डॅशहुंडला मणक्याचा त्रास, पर्शियन मांजरात किडनीत गाठी. कंपनीला हे ठाऊक असतं. गावठी किंवा मिश्र जातीला सहसा कमी पडतो. आणि वयाबरोबर दरवर्षी वाढतो, पहिल्या वर्षीच्या आकड्यावर जाऊ नका.

क्लेमच्या पैशाचा हिशेब असा. बिल १०० धरा, डिडक्टिबल (म्हणजे आधी आपण स्वतः सोसायची ठरलेली रक्कम) १० आणि भरपाई ८० टक्के. आधी १० वजा केले तर ९० चे ८० टक्के, म्हणजे ७२ मिळाले. आधी टक्के काढून मग १० वजा केले तर ७०. दोन्ही पद्धती चालतात, कुठली ते विचारा. डिडक्टिबल वर्षाला एकदा आहे की प्रत्येक आजाराला वेगळं, हेही. पण हे सगळं एकीकडे आणि भरपाईची मर्यादा दुसरीकडे. काही पॉलिसींत एका आजारावर १२ महिनेच पैसे मिळतात, मग तो आजार कायमचा बाहेर. मधुमेह, त्वचेची ॲलर्जी, सांधेदुखी वर्षानुवर्षं चालतात. तिथे मर्यादा दरवर्षी नव्याने भरणारी पॉलिसीच कामाची, हप्ता जास्त असला तरी. स्वस्त म्हणून विकतात ती बऱ्याचदा फक्त अपघाताची असते.

बी-१०२: सोसायटीच्या दृष्टीने विचारतो. कुणाचा कुत्रा जिन्यात एखाद्याला चावला तर हाच विमा देतो का?

सी-५०२: उपचाराचा विमा नाही देत काका. त्याला दायित्वाचं कव्हर लागतं, कधी जोडून मिळतं, कधी वेगळं घ्यावं लागतं. जर्मनीत बर्लिनसारख्या काही राज्यांत कुत्रा पाळणाऱ्याला ते सक्तीचंच आहे. आपल्या सगळ्या कुत्रेवाल्यांनी घ्यावं असं मला मनापासून वाटतं, दुखापत झालेल्या माणसाला खर्चासाठी भांडायला लागू नये.

बी-१०२: बैठकीच्या विषयात घेतो हे.

ए-२०३: ताई, खूप आभार. पत्रकं तुम्हाला पाठवू का?

सी-५०२: पत्रकं नको, पूर्ण पॉलिसीतलं ‘वगळलेल्या बाबी’ हे पान पाठवा. आणि डॉक्टरांकडे थेट पैसे जातात की तुम्ही आधी भरून मग मागायचे, तेही विचारून ठेवा. बऱ्याच ठिकाणी आधी आपल्याच खिशातून जातात.

बी-४०४: म्हणजे खातंही हवं आणि विमाही.

सी-५०२: हो काका, थोडी शिल्लक हवीच. आणि दादा, नूतनीकरणाची तारीख चुकवू नका. खंड पडला की तोवर झालेलं सगळं नव्या पॉलिसीत आधीपासूनचं ठरतं.