मिक्सर लावला की टीव्ही काळा पडतो, रेडिओवर घरघर येते: दोष कुठे शोधायचा?

कोथरूडकर
फ्लॅटचे वायरिंग साधारण वीस वर्षांपूर्वीचे, इन्व्हर्टर आहे. तक्रारी तीन:
मिक्सर सुरू करताना टीव्हीचे चित्र आणि आवाज सेकंदभर जातो, मग आपोआप येतो. सेट-टॉप बॉक्स बंद पडत नाही.
संध्याकाळी दिवे-पंखे लागले की पुणे आकाशवाणीवर (मध्यम लहरी, ७९२ किलोहर्ट्झ) सतत घरघर. एफएम स्वच्छ लागते.
साउंडबारमधून बारीक गुणगुण, आवाज शून्यावर नेला तरी.
स्टॅबिलायझर घ्यावा का? वायरमन सगळे वायरिंगच बदला म्हणतो.

मध्यमलहरी
दोन्ही थांबवा. स्टॅबिलायझर व्होल्टेज कमी-जास्त झाले तर सावरतो, तारेतून येणारी खरखर तशीच पुढे सोडतो. तिन्ही तक्रारींची कारणे वेगळी दिसतात, त्यामुळे एका वस्तूने तिन्ही मिटणार नाहीत.

आधी रेडिओचे बघू. रेडिओ सेलवर चालवा, ७९२ वर लावा आणि मेन पाडा. मेन पाडला तरी इन्व्हर्टर दिवे-पंखे चालूच ठेवतो, तेव्हा त्याचेही बटण बंद करा. बहुतेक जण इथेच फसतात आणि दोष शेजाऱ्यावर ढकलतात. सगळे बंद करूनही घरघर राहिली तर ती बाहेरची. गेली, तर मेन चालू करून एकेक एमसीबी (बोर्डावरचे छोटे सुरक्षा-स्विच) आणि मग दिव्या-पंख्यांचे एकेक बटण दाबत जा. शेवटी इन्व्हर्टर एकटा तपासा, काही इन्व्हर्टर चार्जिंग करतानाही खरखर करतात.

रेडिओ हातात घेऊन गोल फिरवला की एका कोनात घरघर सर्वात कमी होते. आतल्या फेराइट दांड्याचे टोक तेव्हा साधारण उगमाकडे असते. साधारणच म्हणतो, कारण भिंतीतल्या तारा हीच खरखर घरभर पसरवतात.

संशय दोघांवर. पहिला, पंख्याचा गोल फिरणारा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर. त्यातला ट्रायाक (वीज जोडणारा-तोडणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) दर सेकंदाला १०० वेळा वीज मध्येच सुरू करतो, म्हणून घरघर जाड आणि एकसुरी येते. पंखा मधल्या वेगावर असताना ती सर्वात जास्त, पूर्ण वेगावर जवळपास नाहीशी. कारण विजेच्या लहरीच्या माथ्याजवळ वीज जोडली की प्रवाहाची उसळी मोठी होते. दुसरा, स्वस्त एलईडी बल्ब. त्याच्या ड्रायव्हरमधला (बल्बला वीज पुरवणाऱ्या आतल्या सर्किटमधला) खरखर अडवणारा फिल्टर वगळलेला असतो आणि मध्यम लहरींचा सगळा पट्टा फसफसतो. बल्बजवळ रेडिओ नेला की लगेच कळते.

सोल्डर
मिक्सरचे मी सांगतो. चित्र जाऊन परत येते आणि बॉक्स चालू राहतो, म्हणजे व्होल्टेज पडत नाही; बटण दाबतानाच्या ठिणगीने बॉक्स आणि टीव्ही जोडणाऱ्या एचडीएमआय केबलचा संपर्क क्षणभर तुटतो. आधी एचडीएमआय केबल बदला: आखूड, चांगल्या शील्डची (आतल्या तारांभोवती धातूचे आवरण असलेली), आणि वीजतारांच्या जुडग्यापासून दूर. पुष्कळदा एवढ्यावर भागते.

मिक्सर चालू असेपर्यंत त्रास राहत असेल तर मोटरमधले कार्बन ब्रश बघा, म्हणजे फिरत्या भागाला वीज देणारे कार्बनचे तुकडे. ब्रशखाली बारीक निळसर ठिणग्या चालतात. कम्युटेटरभोवती (ब्रश ज्यावर घासतात त्या तांब्याच्या कड्याभोवती) आगीचे कडे दिसले तर ब्रश झिजलेत किंवा कम्युटेटर खराब आहे. दोन्ही ब्रश एकदमच बदला आणि भांडे न लावता कमी वेगावर थोडा वेळ चालवा, म्हणजे नवे ब्रश नीट बसतात.

सॉकेटमध्ये प्लग सैल असेल, हात लावल्यावर गरम लागत असेल किंवा आत चरचर ऐकू येत असेल तर बाकी सगळे सोडून आधी ते सॉकेट बदला. तिथे रेडिओचा नाही, आगीचा प्रश्न आहे.

कोथरूडकर
सापडले. हॉलच्या पंख्याचा रेग्युलेटर आणि बाल्कनीतला एक बल्ब. केबल बदलल्यावर टीव्ही बराच सुधारला, पण मिक्सर चालू असताना एफएमवर खरखर येते. ब्रश ठीक आहेत. घरात ०.१ मायक्रोफॅरड, ४०० व्होल्टचा कपॅसिटर पडून आहे, तो मिक्सरला लावू का?

सोल्डर
मुळीच नाही. ४०० व्होल्ट हा आकडा डीसीचा असतो. २३० व्होल्ट एसीचा माथाच सुमारे ३२५ व्होल्ट, त्यावर लाइनमधले झटके. असा कपॅसिटर शॉर्ट झाला की पेटतो. फेज आणि न्यूट्रलमध्ये फक्त ‘एक्स२’ वर्गाचा, २७५ व्होल्ट एसी छापलेला कपॅसिटर लावतात. आणि शील्ड किंवा बॉडीच्या अर्थिंगकडे जाणारा कपॅसिटर ‘वाय’ वर्गाचा. अर्थिंग नसलेल्या घरात तो लावला तर बॉडीला झिणझिण्या येतात.

मिक्सर न उघडता सोपा मार्ग: ६ अँपियरचा तयार लाइन फिल्टर (विजेच्या तारेतली खरखर अडवणारा) घ्या. ७५० वॉटचा मिक्सर साधारण ३.३ अँपियर घेतो. फिल्टर बंद डब्यात बसवून मिक्सरच्या अगदी जवळ ठेवा. रेडिओजवळ ठेवला तर मधली तार अँटेनासारखी खरखर पसरवत राहते. अर्थ पिन जोडली नाही तर फिल्टर अर्धाच काम करतो.

मध्यमलहरी
रेग्युलेटरच्या जागी कपॅसिटरचा, पायऱ्या-पायऱ्यांनी फिरणारा घ्या. तो लहर कापत नाही. पुढे बीएलडीसी पंखा (स्वतःचे इलेक्ट्रॉनिक वेग-नियंत्रण असलेला) लावलात तर रेग्युलेटर पूर्ण काढून टाका.

साउंडबारच्या गुणगुणीसाठी एक चाचणी: सेट-टॉप बॉक्सची डिश किंवा केबलची तार काढा. गुणगुण थांबली तर बॉक्स आणि साउंडबारची अर्थिंग दोन वाटांनी जोडली जाते आहे. टीव्ही ते साउंडबार ऑप्टिकल केबल लावा, तिच्यातून वीज जातच नाही. गुणगुण घालवायला कुणी प्लगची अर्थ पिन कापायला सांगेल, ते मात्र ऐकू नका.