बाळासाठी पिशव्या भरून सामान, बाळंतिणीसाठी काय? मला हे पटत नाही

केळीच्या_गावची (रावेर):
मे मध्ये माझं सिझर झालं, आता बाळ तीन महिन्याचं झालंय, हात जरा मोकळा झाला म्हणून लिहितेय. बघायला येणारा प्रत्येक जण बाळासाठी काहीतरी घेऊन आला, पावडर-तेल-साबणाचे चार बॉक्स, इवले इवले बूट, राईची उशी, झबली तर इतकी की निम्मी घालायच्या आधीच लहान झाली. आणि मी सहाव्या दिवशी घरी आले तेव्हा माझ्यापुढे प्रश्न एकच होता, संडासला बसू कशी. आमच्याकडे देशी भांडं आहे, खाली बसलं की टाके ओढायचे, दोन दिवस मी भिंत धरून रडत रडत उठले. मग भावाने भुसावळहून कमोडची खुर्ची आणली, मध्ये गोल भोक असतं ती, देशी भांड्यावर ठेवायची. तेवढ्या एका वस्तूने माझे पुढचे वीस दिवस निभावले.

माझं स्पष्ट मत आहे की पहिल्या सव्वा महिन्यात बाळाला आईचं दूध, ऊब, कोरडे लंगोट, झोपायला सपाट जागा आणि मच्छरदाणी एवढंच लागतं. पैसे आईवर खर्च करा. अंगावरून महिनाभर जातं, त्याला मोठे पॅड लागतात, पुढून चेन असलेले सुती गाऊन लागतात, झोळ पडलेल्या बाजेऐवजी कडक पलंग लागतो कारण बाजेवरून टाके सांभाळत उठताच येत नाही. हे कोणी आणत नाही.

मोठीमाय_धुळे:
पोरी, तुनं म्हननं अर्धं बराबर शे. पण बाळंतिणीचं कोणी बघत नाही हे मला नाही पटत. माझी माय सातव्या महिन्यापासून डिंक, खारीक, खोबरं, सुंठ, अळीव जमवायची, बाळंतशेपा भाजून डब्यात भरायची, जुन्या लुगड्यांचे तुकडे उकळून कडक उन्हात वाळवून गाठोडं बांधून ठेवायची. तेच बाळंतिणीचं सामान, दुकानातून आणायची गरजच नव्हती. वर सव्वा महिना हातात आयतं ताट, तेल, बाजेखाली शेगडीचा शेक. आताच्या पोरी कुलर लावून झोपतात आणि पुढे पस्तिशीत कंबर धरून बसतात, हे मी माझ्याच घरात पाहिलंय.

सिस्टर_जळगाव:
मोठीमाय, गाठोडं आणि आयतं ताट मला शंभर टक्के मान्य, पण मे मध्ये शेगडी अजिबात नको. इथे पारा ४५ च्या वर जातो, बंद खोलीत निखारे ठेवले की आईचं आणि बाळाचं दोघांचं पाणी कमी होतं, आणि कोळशाचा विषारी वायू ना दिसतो ना त्याचा वास येतो. एकदा आमच्याकडे चार दिवसाचं बाळ आणलं, डोक्याला कुंची, हातपायात मोजे, वर गोधडी, अंग नुसतं तापलेलं. डॉक्टरांनी तपासलं, जास्तीचे कपडे काढले, आईने पाजलं आणि ताप उतरला. पण घरी असा अंदाज बांधत बसू नका, एवढ्या लहान बाळाचं अंग गरम लागलं की दवाखाना गाठायचाच. म्हणून माझ्या यादीत पहिला नंबर डिजिटल थर्मामीटरचा, काखेत ३६.५ ते ३७.५ म्हणजे ठीक. कुलर चालतो, फक्त वारा थेट बाळावर नको.

आणि घुटी, मध, वरचं पाणी सहा महिने काही नाही. पावडर नको, नाकातोंडात जाते. राईची उशी पण काढा. उलट आईला पाणी भरपूर द्या, "पाणी प्यायली की टाके पिकतात" म्हणून तांब्याच लपवून ठेवणारी घरं मी बघितलीत, फार जीव तुटतो. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या बाळंतपणानंतर १८० दिवस, दोन्ही वेगवेगळ्या वेळी. एका तासात मोठा पॅड पूर्ण भिजला तर लगेच दवाखाना.

नवा_बाप_पारोळा:
लंगोट लंगोट सगळे म्हणतात पण धुवायला पाणी कुठंय? आमच्याकडे नळ आठ दिवसाआड, उन्हाळ्यात तर टँकर, आणि बाळ दिवसाला बारा-पंधरा लंगोट ओले करतं. ते धुणार कोण तर तीच, नाहीतर तिची आई. मी डायपरच आणले, दिवसाला सात-आठ, एक दहा रुपयाला धरला तरी महिन्याला अडीच हजाराच्या घरात जातं, परवडायला जड आहे हे मान्य, पण बायको रात्री सलग दोन तास तरी झोपली. माझ्या मते हा खर्च बाळावर नाही, आईवर झाला.

मोठीमाय_धुळे:
दिवसा उघडं ठेव रे भाऊ त्याला! चोवीस तास बांधून ठेवलं की मांड्या लालबुंद होतात. रात्री एखादा बांधला तर मी नाही बोलणार. आणि लंगोट बापाने धुतले तर काय बिघडतं?

नवा_बाप_पारोळा:
धुतो ना मावशी, दिवसाचे मीच धुतो. पाणी असेल तेव्हा.

आशाताई_धडगाव:
तुमचं सगळं वाचलं. माझ्या पाड्यांवर ना कुलर ना कमोड खुर्ची. इथे सातपुड्यात थंडीत बाळ गार पडतं, त्याला मी आईच्या उघड्या छातीशी लावते, वरून दोघांना एकच गोधडी, डोक्याला टोपरं, याला एक रुपया लागत नाही. सरकारी दवाखान्यात औषधं, जेवण फुकट आहे, नॉर्मलला ३ दिवस, सिझरला ७ दिवस, घरी सोडायला १०२ ची गाडी, हेसुद्धा कित्येकींना माहीत नसतं आणि त्या घाईने निघून येतात. आम्ही ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी जातो. चौदाव्या दिवशी गेले तर बाई घरात नसते, डोक्यावर लाकडं घेऊन येत असते. केळीच्या गावची ताई, तू आईवर खर्च करा म्हणतेस ते खरंच, पण माझ्या बायांना आधी पाणी भरणारं दुसरं माणूस हवंय. ते कुठल्या दुकानात मिळत नाही.

केळीच्या_गावची (रावेर):
आशाताई, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. माझी आई होती म्हणून मी वस्तूंचा विचार करू शकले. तरी पण ज्यांना झेपतं त्यांनी पाचवीच्या पूजेला झबलं आणायच्या ऐवजी पॅडचं पाकीट आणावं, लाजायचं काय त्यात, यावर मी ठाम आहे.

मोठीमाय_धुळे:
पॅडचं पाकीट पूजेच्या ताटात नको, आधीच्या दिवशी आणून दे. शेक मी सोडणार नाही, सिस्टर, पण शेगडी नाही लावत, गरम पाण्याच्या पिशवीने कंबर शेकीन, टाक्यांपासून लांब. माझ्या धाकट्या लेकीचं दिवाळीत आहे, तिचं पहिलं पण सिझरच होतं. ती खुर्ची कुठे मिळाली ते सांग बरं.

केळीच्या_गावची (रावेर):
सर्जिकल सामानाच्या दुकानात मिळते मावशी, मेडिकलवाल्याला सांगितलं तरी मागवून देतो. घेताना चारही पायांना रबर आहे ना ते बघा, आमच्या खुर्चीच्या एका पायाचं निघालं होतं, ओल्या फरशीवर सरकायची.