१९६६ चा अली की १९८८ चा टायसन? आणि रेफरी कोण?

रिंगणाबाहेरचा

परवा मित्राकडे जेवणं झाल्यावर नेहमीचा विषय निघाला: हेवीवेट बॉक्सर मुहम्मद अली आणि माइक टायसन समोरासमोर आले असते तर? तो म्हणाला टायसन, तीन राउंडच्या आत. मी म्हणालो अली. वाटीतलं आइस्क्रीम वितळून गेलं तरी निकाल लागेना, म्हणून हा धागा.

एक अट आधीच घालतो. कुठल्या रात्रीचा माणूस ते सांगा, मगच बोला. १९८० साली लॅरी होम्सचा मार खाणारा अली आणि २००२ साली मेम्फिसमध्ये लेनक्स लुइससमोर आडवा झालेला टायसन, या दोघांना घरीच राहू द्या. माझा अली १४ नोव्हेंबर १९६६ चा, ह्यूस्टनच्या ॲस्ट्रोडोममध्ये क्लीव्हलंड विल्यम्सला तिसऱ्या राउंडमध्ये गुंडाळणारा. टायसन २७ जून १९८८ चा, मायकेल स्पिंक्सला ९१ सेकंदांत झोपवणारा. वजनं जवळपास सारखी: अली २१२ पौंडांच्या थोडा वर, टायसन २१८ च्या. उंचीत अली चार-पाच इंचांनी पुढे, हातांच्या पोचेत सात.

माझं मत अली, दहाव्या राउंडच्या आसपास. टायसनला हरवायची कृती बस्टर डग्लसने ११ फेब्रुवारी १९९० ला टोकियोत जगासमोर करून दाखवली आहे. जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) तोंडावर, आत घुसला की मिठी, सुटला की पुन्हा जॅब. डग्लसचा जॅब उत्तमच होता, पण १९६६ च्या अलीच्या पासंगालाही पुरला नसता. शिवाय डग्लसकडे ते पाय नव्हते.

लेफ्टहूक

धागाकर्ते, रात्र निवडताना तुम्ही चलाखी केलीत. विल्यम्स १९६६ ला होता कोण? दोनच वर्षांपूर्वी टेक्ससमध्ये एका पोलिसाने त्याच्या पोटात गोळी घातली होती. एक मूत्रपिंड गेलेलं. अशा माणसासमोर कुणीही नाचेल.

आणि टोकियोचा टायसन १९८८ चा टायसन नव्हेच. आपला प्रशिक्षक केव्हिन रूनीला त्याने कोपऱ्यातून हाकललं होतं, सराव नावाला उरला होता. तरी आठव्या राउंडमध्ये खालून वर येणाऱ्या एका ठोशाने, अपरकटने, डग्लसला खाली बसवलंच की.

आता अलीचं दुखणं बघा. १९६२ ला सॉनी बँक्स, १९६३ ला हेन्री कूपर, १९७१ ला जो फ्रेझियर. तिघांनी पाडलं ते एकाच ठोशाने, लेफ्ट हूकने (डाव्या हाताचा, बाजूने वळून येणारा). कूपरचं प्रकरण तर मी पन्नास वेळा बघितलं असेल. चौथा राउंड संपत आलेला, अली (तेव्हाचं नाव कॅशियस क्ले) दोरांकडे हात खाली सोडून उभा, आणि कूपरचा डावा येऊन जबड्यावर बसतो. उठतो तेव्हा डोळे कुठेच लागलेले नाहीत. घंटा झाली म्हणून वाचला. मग त्याचा प्रशिक्षक अँजेलो डंडी रेफरीला ग्लोव्हची उसवलेली शिवण दाखवतो आणि थोडा जास्तीचा वेळ पदरात पाडून घेतो. कूपर ८४ किलोचा माणूस. त्या जागी ९९ किलोचा टायसन ठेवा, आणि तो एक मारून थांबत नाही, मागून उजवा येतोच.

टायसन, दुसरा राउंड.

आळशी_कोल्हापूरकर

हे म्हणजे गावसकर बुमराहला कसा खेळला असता त्यातलं झालं. हेल्मेट देणार की नाही तेवढं सांगा, मग मी मत देतो. 😀

रिंगणाबाहेरचा

@लेफ्टहूक, विल्यम्सच्या गोळीचा मुद्दा बिनशर्त मान्य. पण मग स्पिंक्सचंही बघा ना. तो मुळात लाइट हेवीवेट, म्हणजे हलक्या वजनगटातला, आणि रिंगमध्ये येतानाच चेहऱ्यावर उद्याचा पेपर छापलेला. म्हणजे दोघांचीही सगळ्यात गाजलेली रात्र अर्ध्या माणसासमोरची निघाली. मग उरतात अवघड रात्री. टायसनच्या अवघड रात्री सगळ्या एकाच जातीच्या आहेत. १९८६ ला क्विक टिलिस आणि मिच ग्रीन, १९८७ ला बोनक्रशर स्मिथ आणि टोनी टकर. उंच, सरकणारे, मिठ्या मारणारे. चौघेही शेवटच्या घंटेपर्यंत उभे राहिले. हरले, पण उभे होते. १९६६ चा अली नुसता उभा राहायला आला नसता.

बादलीवाला

कॉलेजात तीन वर्षं ७५ किलोत खेळलो आहे. मेडल वगैरे काही नाही, बहुतेक वेळ दुसऱ्यांची बादली आणि टॉवेल सांभाळला, म्हणून हे नाव. पण मिठी म्हणजे काय ते मानेने शिकलोय, तेवढं सांगतो.

टीव्हीवर मिठी म्हणजे दोघं दम खातायत असं दिसतं. दम एकच खात असतो. उंच माणूस डावा हात तुमच्या मानेमागे टाकतो आणि आपलं वजन सोडून देतो. तुम्ही बुटके, गुडघे वाकवून आत शिरलेले. ते वजन मानेवरून सरळ मांड्यांत उतरतं. दोनदा काही वाटत नाही. आठव्या-दहाव्या वेळी हात ठीक असतात, पण पाय उडी घ्यायचं नाव घेत नाहीत. आणि टायसनचा ठोसा पायांतूनच यायचा. मांड्या गेल्या की टायसन गेला.

अली यातला उस्ताद. जानेवारी १९७४ ची फ्रेझियरबरोबरची दुसरी लढत बघा. बारा राउंड त्याने फ्रेझियरची मान दाबून काढले. हा सरळसरळ फाउल, पण रेफरीने चालू दिलं आणि अली गुणांवर जिंकला. याउलट बोनक्रशर स्मिथ टायसनला नुसता बिलगून राहिला, तर रेफरीने त्याचे गुण कापले.

म्हणून माझा धागाकर्त्यांना प्रश्न: रेफरी कुठल्या वर्षाचा? १९७४ चा असेल तर अली, डोळे झाकून. मिठ्या सोडवणारा कडक माणूस असेल तर मी लेफ्टहूक यांच्या बाजूला सरकतो, पूर्ण नाही, अर्धा.

वजनकाटा

दोघेही आजच्या साडेसहा फुटी गड्यांसमोर टिकणार नाहीत. जुना हेवीवेट विजेता मार्सियानो १८५ पौंडांचा, ४९ पैकी ४९ लढती जिंकला म्हणून देव्हाऱ्यात. आज तो हेवीवेट नाहीच, २०० पौंडांच्या आतल्या क्रूझरवेटमध्ये खेळला असता. माणसं वाढली, विषय संपला.

रिंगणाबाहेरचा

@वजनकाटा, मार्सियानोपुरतं पटतं. बाकी नाही. मे २०२४ ला रियाधमध्ये उसिकने फ्युरीला हरवलं तेव्हा फ्युरी सुमारे ४० पौंडांनी जड होता. डिसेंबरमध्ये परत हरवलं. १९१९ ला डेम्प्सीने आपल्यापेक्षा ५८ पौंडांनी जड विलर्डला पहिल्याच राउंडमध्ये सात वेळा लोळवलं. (तेव्हा पडलेल्याच्या डोक्यावर उभं राहून तो उठताक्षणी मारायला बंदी नव्हती, हेही खरं. नियम, नियम!) आणि साडेसहा फुटाच्या घरातला लेनक्स लुइस १९९४ मध्ये मॅकॉलच्या एका उजव्याने बसला होता.

जुनी_कॅसेट

मार्सियानोवरून आठवलं. हा वाद एकदा कॉम्प्युटरने सोडवून झालाय! १९६९ मध्ये मायामीत अली आणि निवृत्त मार्सियानो यांना खरोखर समोरासमोर उभं केलं, मिनिटामिनिटाचे राउंड चित्रित केले, शेवट अनेक काढून ठेवले. मार्सियानोने त्यासाठी वजन उतरवलं, डोक्याला टोप लावला. निकाल कॉम्प्युटर देणार. जानेवारी १९७० ला अमेरिकेतल्या थिएटरांत दाखवलं तेव्हा मार्सियानो तेराव्या राउंडमध्ये जिंकला. युरोपात अली जिंकला असा शेवट दाखवला. मार्सियानो तोवर विमान अपघातात गेला होता, त्याला निकाल कळलाच नाही.

लेफ्टहूक

@बादलीवाला, मांड्यांचा मुद्दा भारी. पण तुमची आठवी-दहावी मिठी यायला पाचवा राउंड उजाडेल. टायसन तोवर थांबेल असं कुणी सांगितलं? फ्रेझियर तापायला तीन राउंड घ्यायचा, टायसन घंटेबरोबर पेटलेला असायचा. अलीने असा माणूस कधी पाहिलाच नाही.

रिंगणाबाहेरचा

तेव्हाचा विजेता सॉनी लिस्टन पाहिला होता की, १९६४ ला. तो काय ध्यानाला बसला होता?

बरं, रेफरीचं उत्तर देतो. १९६६ चा रेफरी, १५ राउंड. टायसन आयुष्यात बारापुढे गेला नाही. कडक रेफरी आणि १२ राउंड केलेत तर माझा अली गुणांवर जिंकतो आणि मध्ये एकदा पडतो. याच्याखाली मी उतरणार नाही.

बादलीवाला

एकदा पडतो हे तुम्ही लिहिलंत, मी स्क्रीनशॉट घेतला आहे.

लेफ्टहूक

मीही. पुढचा बळी: जानेवारी १९७३ चा फोरमन, किंग्स्टनला फ्रेझियरला दोन राउंडमध्ये सहा वेळा पाडणारा, विरुद्ध हाच टायसन. यात मी टायसनवर चहासुद्धा लावणार नाही.

रिंगणाबाहेरचा

मी लावतो. टायसन, तिसऱ्यात. या.